कोकमाने घासलेला आरसा

चष्म्याच्या दुकानात बसणाऱ्याला गावातलं खोटं इतरांच्या आधी कळतं. तक्त्यावरची शेवटची ओळ दिसत नसताना दिसते म्हणणारे असतात, आणि नव्या फ्रेमच्या हौसेपायी दिसत असूनही दिसत नाही म्हणणाऱ्या असतात. वडिलांच्या मागे मी रत्नागिरीतलं आमचं हे दुकान चालवतो आणि गिऱ्हाइकाच्या नंबराबरोबर त्याची ही बाजूही मनात टिपून ठेवतो. माणूस कशासाठी खोटं बोलतो ते कळलं, की तो पुरता कळतो. राजिवड्याचे करीमचाचा आणि त्यांची बायको मरियमचाची मला असेच पुरते कळले. दोन हजार चार सालच्या मे महिन्यात दोघंही एकमेकांशी खोटं बोलत होती, आणि दोघंही माझ्याशी खरं.

करीमचाचांची उमर बोटींवर गेली. आधी गलबतं, मग कंपनीच्या मालवाहू बोटी. निवृत्त झाले ते सारंग म्हणून, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. घरी यायचे ते पाहुण्यासारखे. चाची म्हणायची, "माझ्या नवऱ्याला मी जास्त करून फोटोतच बघितलाय." कायमचे घरी आले, तर अंगणात खुर्ची टाकून खाडीकडे तोंड करून बसायला लागले. घराला पाठ. चहा हवा असला की "अगो!" एवढीच हाक. ती हाक चाचीला होती की मांजरीला, हे दोघींनाही कधीकधी कळायचं नाही. दोघी बाहेर यायच्या, आणि चाचा कप घेऊन पुन्हा खाडीकडे वळायचे.

त्यांचा मुलगा फहाद कुवेतला. त्याने विचार केलान, की अब्बा दिवसभर खाडीकडेच बघतात, तर निदान नीट बघू देत. म्हणून त्याने मोठ्या दुकानातून मोठ्यातली मोठी दुर्बीण घेतलीन आणि जयगडचा हाशिम सुट्टीवर निघाला होता त्याच्याबरोबर धाडलीन. समुद्रावर बघायची दुर्बीण वेगळी आणि आभाळात बघायची वेगळी, हे फहादने विचारलं नाही आणि दुकानदाराने सांगितलं नाही. थंडीच्या सुरुवातीला नायलॉनच्या दोरीने आवळलेलं ते खोकं राजिवड्यात उतरलं, आणि दुसऱ्याच सकाळी चाचा माझ्या काउंटरसमोर उभे.

"काशीराम, चल. काचा उलट्या बसवल्यानीत."

मी काचवाला. गावात काचेचं काही बिघडलं की ते माझंच काम, मग तो कंदील असो नाहीतर मत्स्यालय. गेलो. अंगणात तिवईवर पांढरी जाडजूड नळी. बुडाशी बशीएवढा आरसा आणि डोळा लावायची जागा वरच्या टोकाला, बाजूला. चाचीने आदल्या दिवशी समोरच्या तोंडातूनच आत डोकावलं होतं.

"माझंच तोंड दिसलं," ती म्हणाली, "हांड्याएवढं. एवढ्यासाठी पोराने पैसे घातले?"

"तू थांब गो. काशीराम, तू बघ."

मी डोळा लावला. मिरकरवाड्याची एक लाँच खाडीच्या तोंडाशी चालली होती. डोलकाठी खाली, पाणी वर, आणि त्या वरच्या पाण्याला टांगलेले दोन खलाशी शांतपणे विडी ओढत होते.

"फसवलान पोराला," चाचा म्हणाले.

मी खोक्यातलं पुस्तक काढून वाचलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, की ही आकाशाची दुर्बीण आहे आणि तिच्यात सगळं उलटंच दिसायचं. मी म्हटलं, "चाचा, बिघडलेली नाही ही. ताऱ्यांसाठी आहे. आभाळात वर काय आणि खाली काय?"

"तुला नसेल. मला आहे."

चाची दारातून म्हणाली, "ठेवून घ्या हो. उलटी तर उलटी. तुमचं तरी काय सरळ असतं?"

त्याच संध्याकाळी मगरीबची नमाज झाल्यावर चाचांनी ती नळी चंद्रावर धरली. मुद्दाम दुकान लवकर बंद करून मी गेलो होतो. चाचा सामान परत बांधायला लावतील आणि तेव्हा कुणीतरी समजूतदार माणूस हवा, असा माझा अंदाज. चाचांनी डोळा लावला आणि ते हलेचनात. किती वेळ गेला कोण जाणे. मांजर येऊन पायाशी बसलं. मग डोळा न काढताच त्यांनी हाक मारली.

"मरियम. ये. ये बघ."

चाची पिठाच्या हातांनी बाहेर आली. तिने चंद्राकडे नंतर बघितलं. आधी नवऱ्याकडे बघितलं, कुणी दुसराच माणूस अंगणात उभा असल्यासारखं. मला हे सगळं दिसलं, कारण बघणं हाच माझा धंदा. नावाने हाक मारल्याला त्या घरात किती वर्षं झाली असतील ते मी विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही.

त्या थंडीत आम्ही तिघं शिकलो. पहिले काही दिवस मोठ्यात मोठं दाखवणारी बारीक काच लावायच्या हव्यासात गेले. तिच्यातून सगळं मोठं दिसायचं खरं, पण गढूळ आणि थरथरतं. हलकी काच लावली तेव्हा शनीचं कडं एवढंसं, पण असं रेखीव दिसलं, की चाची म्हणाली, "हे कुणीतरी नळीत चिकटवलंय." तिवई वाऱ्याने डुगडुगायची. चाचांनी रेतीची पिशवी नांगरासारखी तिच्या पोटाखाली बांधली. ती गाठ आजही मला सोडवता येत नाही. गुरूचे चार चंद्र रोज जागा बदलतात हे चाचीने आधी ओळखलं. आणि पुढे उन्हाळा लागल्यावर, शुक्राला चंद्रासारखी कोर असते, हे बघून चाचा माझ्यावरच चिडले: "इतकी वर्षं याच्यावर भरवसा ठेवून बोट चालवली, आणि मेल्याने हे सांगितलंन नाय!"

मला त्या अंगणाने काय दिलं ते सांगून टाकतो. माझी नजर तोवर काउंटरच्या पलीकडच्या नाकापर्यंत पोचायची, पुढे नाही. संध्याकाळी कुलूप लावून स्कूटर राजिवड्याकडे वळवायची, पायरीवर बसायचं, चाचीचं घावन खायचं आणि वर बघायचं. माझ्या नावावर इतकं काही बिनहिशेबी जमा होत होतं, की मला आधी भीतीच वाटायची, कुणीतरी परत मागेल म्हणून.

मग मे उजाडला. आमच्याकडे मे महिन्यात कोकम नाही असा घराचा कोपरा नसतो. साली वाळत पडलेल्या असतात, आणि उरलेल्या मीठ-कोकमाने तांब्याची भांडी घासतात. मरियमचाचीच्या हांड्यांचं राजिवड्यात नाव आहे. लग्नकार्याला लोक भांडी मागायला येतात ते तिच्या हांड्यांत तोंड बघून जातात. त्याच आठवड्यात चाचांनी कुरकुर केली होती, की खाऱ्या वाऱ्याने आरशावर मळभ धरलंय.

शुक्रवारी दुपारी, चाचा मशिदीत असताना, चाची दुकानात आली. हातात डबा. डब्यात वर दोन चपात्या, चपात्यांखाली फडकं, फडक्यात आरसा.

मी तो उचलून उजेडात धरला. त्यात मला माझं तोंड दिसायला हवं होतं. दिसलं ते पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर, अंधुक, पण तारखेसकट.

"चाची, कशाने घासलात?"

"मीठ-कोकमाने. पण नारळाची शेंडी नाय लावली हो. नाजूक काम म्हणून मऊ फडक्याने घासला." तिच्या आवाजात अजूनही थोडी कामाची ऐट होती. "आधी काळं निघालं. म्हटलं मळ निघतोय. मग खालून हातच दिसायला लागला."

घरातल्या आरशाला मुलामा मागून असतो, या आरशाला तो पुढून असतो, नुसता वर बसवलेला. हे मी तिला सांगितलं. सांगून काय उपयोग होता?

"मग चढव ना परत. तू काचवाला ना?"

"हे पुण्याचं काम. यंत्रात घालून चढवतात. महिना तरी जाईल."

"महिना!" ती स्टुलावर बसली. "आज संध्याकाळी काय बघतील ते?"

"चाचांना सांगून टाका. ओरडतील आणि गप्प होतील."

"ओरडण्याचं भय कुणाला? बोटीवर ओरडून घसा गेलाय त्यांचा." तिने फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "मग गप्प होतील ना, त्याचं भय. गप्प झाले की खुर्ची परत खाडीकडे. आणि मी परत अगो."

तिने आरसा चपात्यांखाली ठेवला आणि मला शपथ घातली. घरी जाऊन तिने तो जमेल तसा नळीत बसवला.

चार-पाच दिवसांनी, मी नुकतं दुकान उघडून काचा पुसत होतो, तर चाचा. तक्त्याचा दिवा लावायच्या आत त्यांनी सगळ्या ओळी म्हणून दाखवल्या, खालच्या बारीक अक्षरांसकट. मी तक्ता उलटून दुसरी बाजू लावली. तीही त्यांनी वाचली, जरा चाचरत, पण बरोबर. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले डोळे. नंबर होता तिथेच होता.

"नीट बघ रे काशीराम."

"नीटच बघितलं. काय होतंय?"

चाचांनी दाराकडे बघितलं. "गुरू मळला. धुक्यात बल्ब लावावा तसा दिसतो. त्याचे चंद्र गेले. शुक्र तर फडक्यातून बघितल्यागत. नाय, आभाळ साफ आहे. मरियमला दिसतात ना! रोज विचारतो, तर म्हणते चारही दिसतात. म्हणजे खोट माझ्यात."

मी काचेवरचा नसलेला डाग पुसत राहिलो.

"तुम्ही सांगितलंत तिला?"

"वेडा काय तू? मी पण म्हणतो दिसतात. नाय म्हटलं तर ती खुर्ची उचलून आत जाईल. तेवढ्यासाठीच बसते ती माझ्याजवळ, बिचारी. आयुष्यभर मी तिला काय दाखवलं? बंदरातून धाडलेली कार्डं." मग खाली वाकून, जणू चपलेचा अंगठा बघत म्हणाले, "डोळे जातायत काय रे माझे?"

"नाही, चाचा."

"तू सांगायचाच नाहीस. तिला बोलू नको. शपथ आहे."

एवढं बोलून गेले ते. दोन्हीकडून एकच माल माझ्या दुकानात ठेव म्हणून आला होता, आणि मला दोन्ही पावत्यांवर गप्प बसायचं होतं.

त्या संध्याकाळी मी राजिवड्याला गेलो, आणि जे बघितलं ते विसरणार नाही. चाचांनी गुरूवर नळी लावली, डोळा लावला आणि जोरात म्हणाले, "आहेत. चारही आहेत. मरियम, ये बघ."

चाची आली. तिने डोळा लावला. "आहेत हो. चौथा आज जरा लांब गेलाय."

"लांबच आहे तो."

"बाकीचे तिघं एका बाजूला."

"हो तर."

मग माझी पाळी. आत एक मळकट, फाटलेला ठिपका होता. आरसा कोराही होता आणि वाकडाही बसला होता. चंद्र एकही नाही. दोघंही माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "वा!" त्या अंगणातलं तिसरं खोटं माझं.

मे सरत आला तसा शुक्र रोज खाली उतरत सूर्याच्या उजेडात बुडाला. त्याच दिवसांत पेपरात बातमी आली: आठ जूनला शुक्र सूर्यासमोरून जाणार, भर दिवसा, काळ्या ठिपक्यासारखा दिसणार; शंभरावर वर्षांनी येणारा योग. खाली इशारा होता, की सूर्याकडे उघड्या डोळ्याने किंवा दुर्बिणीतून बघू नये. देवरूखच्या कॉलेजातले फिजिक्सचे एक सर शाळांना काळे चष्मे वाटत होते. ते माझे चष्म्याचे गिऱ्हाईक, ती ओळख काढून मी त्यांना फोन केला.

"आरशाची दुर्बीण?" सर म्हणाले. "सूर्यावर धरू नका. उष्णतेने आतल्या काचा तडकतील."

"सर, आरशाचा मुलामा गेलाय. नुसती काच उरलीय."

"कशाने गेला?"

"कोकमाने."

फोनवर बराच वेळ काही ऐकू येईना. मला वाटलं लाइन गेली. सर हसत होते. "अहो, मग उत्तमच की! कोरी काच सूर्याचा उजेड थोडासाच परतवते. लोक मुद्दाम असा आरसा करून घेतात. पण डोळा लावायचा नाही, बरं का. पांढऱ्या कागदावर प्रतिमा पाडायची." मग आरसा सरळ करायचे तीन स्क्रू कसे फिरवायचे ते त्यांनी मला सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "त्या बाईंना माझा नमस्कार सांगा."

सात जूनला दुपारी मी राजिवड्याला गेलो. चाचा पडवीच्या पुढे पावसाळ्यासाठी माडाच्या झावळ्यांची झापं बांधत होते. स्वयंपाकघराच्या दाराशी मी चाचीला सरांचा नमस्कार सांगितला, आणि वर म्हटलं, "आरसा कोरा केला तो मुद्दाम सूर्यासाठी, असं मी उद्या चाचांना सांगेन. तुमच्यावर काही येणार नाही."

तिचा चेहरा एवढा उजळला, की तिथेच गप्प बसलो असतो तर चाललं असतं. पण दुसरी ठेव मला जड झाली होती. उद्या आरसा सूर्यासाठी घासला म्हटलं, तरी मेमधल्या संध्याकाळी चाचांच्या डोक्यातून कशा जाणार? शपथ मोडली. म्हटलं, "चाची, चाचा दुकानात आले होते. गुरूचे चंद्र दिसत नाहीत, म्हणून त्यांना वाटतंय डोळे चाललेत."

चाची हातातल्या कोयत्यासकट तशीच उभी राहिली.

"दिसत नाय? मग रोज चार सांगतात ते?"

मी खाडीकडे बघितलं. तिने घावनही विचारलं नाही. त्यावरून मी समजलो, की प्रकरण आता माझ्या हातातलं नाही.

आठ जूनला सकाळपासून आभाळ भरलेलं. मी दुकान उघडलंच नाही. दुर्बीण अंगणात; नेम धरायची वरची छोटी दुर्बीण मी काढून खिशात घातली होती, म्हणजे चुकून कुणी डोळा लावायला नको. कुवेतहून आलेलं तेच खोकं आडवं कापून आत पांढरा कागद चिकटवला, आणि बाजूच्या काचेसमोर धरायला तयार ठेवला. आरसा मी सकाळीच सरळ केला होता. दुपार गेली. शेजारच्या बायका येऊन, ढग बघून, सल्ले देऊन परत गेल्या. चाचा खुर्चीवर, खाडीकडे नाही, आभाळाकडे तोंड करून. मधूनच म्हणायचे, "उघडेल. वारा फिरतोय." पण आवाजात उघडण्याची घाई नव्हती. उघडलं आणि ठिपका आपल्यालाच दिसला नाही तर, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं मी चष्मा न लावता वाचत होतो.

चार वाजायच्या सुमाराला पश्चिमेचा एक ढग फाटला. चाचा उठले. नळीकडे किंवा सूर्याकडे न बघता त्यांनी जमिनीवरची नळीची सावली बघितली आणि ती आखूड आखूड करत आणली. सावली नळीएवढीच गोल झाली, आणि खोक्यातल्या कागदावर बशीएवढा सूर्य येऊन बसला. शांत, फिकट पिवळा. आणि त्याच्या कडेकडे सरकलेला, मसुरीच्या डाळीएवढा, काळा कुळकुळीत ठिपका.

मी चाचांच्या तोंडाकडे बघत होतो, चाचीही.

"काशीराम," चाचा हळूच म्हणाले, "आलाय काय तो?"

"तुम्ही सांगा."

त्यांनी हात पुढे केला. बोट कागदावर गेलं, थांबलं, आणि नेमकं ठिपक्यावर टेकलं. शुक्र त्यांच्या नखावर आला.

"हा काय?"

"हाच," चाची म्हणाली. "डोळे तुमचे धड आहेत. आरसा मी घासला. कोकमाने. मेमधे, तुम्ही नमाजाला गेलेलात तेव्हा."

ठरवून ठेवलेलं माझं वाक्य ओठातच राहिलं. चाचांनी बोट काढलं नाही.

"कोकमाने?"

"मळभ धरलं म्हणालात ना. मुलामा गेला सगळा. तेव्हापासून त्यात काय दिसत नाय."

चाचांनी हिशेब घातला. मला तो त्यांच्या कपाळावर होताना दिसला. ओरडायला म्हणून छाती फुगली, ती तशीच थांबली.

"मग गुरूचे चार चंद्र तुला दिसत होते ते?"

"तुम्हाला दिसत होते तेच."

"चौथा लांब गेला म्हणालीस!"

"तुम्ही हो म्हणालात ना?"

आधी मला वाटलं चाचांना ठसका लागला. मग कळलं, हसतायत. खोकं माझ्या हातात हलायला लागलं, कारण चाचा त्यालाच धरून हसत होते, आणि सूर्य कागदावर वरखाली नाचू लागला. चाचीने आधी तोंडावर पदर धरला, मग सोडून दिला. शेजारच्या बायका धावत आल्या. शुक्र बघायला आल्या, पण बराच वेळ त्यांनी या दोघांनाच बघितलं.

ढग पुन्हा आला. कागद कोरा झाला. आम्ही थांबलो. थोड्या वेळाने परत उघडीप आली, ठिपका आता अगदी कडेशी पोचलेला.

"मरियम, ये बघ," चाचा म्हणाले.

"इथेच आहे मी."

"ठाऊक आहे. ये बघ."

पावसाळ्यात दुर्बीण तशीही बासनातच असते. तेवढ्यात मी आरसा पुण्याला नेऊन मुलामा चढवून आणला. परत आलो तेव्हा चाचांनी एस. टी. स्टँडवर मला बघून आरशाचं खोकं आधी घेतलं आणि मग माझी विचारपूस केली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. त्या दिवशी माझ्या घरी एक अख्खी सुरमई पोचली. शपथ मोडल्याबद्दल की आरसा आणल्याबद्दल, ते चाचांनी सांगितलं नाही. मी दोन्हीकडे मांडून घेतली.

पाऊस उघडल्यावर पहिल्या संध्याकाळी तिघंही अंगणात. चाचीने नळीला जुन्या साडीचा अभ्रा शिवला होता; आरशाच्या बाजूला तिने चांगली घट्ट गाठ मारली होती, स्वतःपासून राखण म्हणून. चाचांनी डोळा लावला. बराच वेळ बघून म्हणाले, "काशीराम, हा चांगलाच झाला. पण तो कोरा पण बरा होता. सूर्यासाठी वेगळा एक आरसा घेऊन ठेवला आणि पुण्याहून तसा करून आणला तर?"

घावन आणायला आत गेलेल्या चाचीचा आवाज आला, "पुण्याला कशाला? कोकम आहे घरात!"